घड्याळ २००० सालात गेलं म्हणून पीएस-थ्री फॉरमॅट मारू नको

प्रश्न नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका पोट्ट्याचा आहे. मोठ्या भावाचा जुना, जाडा पीएस-थ्री, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं सोनीचं प्लेस्टेशन-३, त्याने माळ्यावरून काढला. भाऊ नोकरीला पुण्यात. मशीन सुरू होतं, पण दर वेळी तारीख लावायला सांगतं आणि वर्ष दाखवतं २०००. एका दुकानात म्हणाले, मदरबोर्ड गेला, साडेचार हजार लागतील. मित्र म्हणाला, २०१० साली जगभरातले पीएस-थ्री असेच झाले होते, फॉरमॅट मार, बसून जाईल. असली मशीनं दुरुस्त करायचं माझं दुकान, म्हणून आता तो मला विचारतो, काका, कोणाचं ऐकू?

कोणाचंच नको ऐकू, बाबू. बहुतेक तुझ्या मशीनमधला बटण-सेल संपला आहे. बर्डीवर कुठल्याही घड्याळवाल्याकडे तसला सेल वीस-तीस रुपयांत मिळतो, पत्र्याच्या पट्ट्या जोडलेला, म्हणजे टॅबवाला, घेतला तर थोडे जास्त. मदरबोर्ड गेलेला पीएस-थ्री तुला तारीख विचारायला सुरूच होत नाही. हिरवा दिवा लागतो, क्षणभर पिवळा होतो, मग लाल होऊन लुकलुकत बसतो. तुझा तर मेन्यूपर्यंत पोचून राहिला.

मित्राचं मात्र अर्धं बरोबर आहे. २०१० ला खरंच झालं होतं. तो दिवस मला तारखेनिशी आठवतो, कारण त्या दिवशी धुळवड होती.

१ मार्च २०१०, सोमवार. आदल्या रात्री होळी पेटली होती. पाचच दिवसांपूर्वी सचिनने ग्वाल्हेरला वनडेत २०० केल्या होत्या, त्यामुळे गल्लीत रंगापेक्षा त्याचीच चर्चा जास्त. दुकान बंद. नागपुरात धुळवडीला दुपारपर्यंत रस्त्यावर साधा माणूस दिसत नाही, दिसले तर हिरवे-जांभळे लोक दिसतात. साडेनऊच्या सुमारास धरमपेठेतल्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "भाऊ, पोट्टा सकाळपासून रडून राहिला. गेम लावला की एरर येते आणि बाहेर फेकते." मी म्हटलं, उद्या आणा. पाच मिनिटांत दुसरा फोन, मग तिसरा. चौथा फोन आला तेव्हा हाताला रंग होता, म्हणून बायकोने तो माझ्या कानाला धरला. एररचा तोच आकडा, ८००१०५०एफ. तीच तक्रार. आणि सगळ्यांच्या घड्याळात २००० साल.

आता इथे एक गोष्ट लक्षात ठेव, ती मला तेव्हा सुचायला चौथा फोन यावा लागला. एकाच सकाळी चार घरांतली चार मशीनं एकाच आकड्यावर अडकली, तर बिघाड त्या चार घरांत नसतो. धरमपेठ, महाल, जरीपटका, प्रतापनगर, यांच्यात काय सारखं? लाइट वेगळी, इंटरनेट वेगळं, गेम वेगळे. सारखी होती ती फक्त तारीख. आणि आणखी एक गोष्ट: चारही मशीनं जाडी. ज्यांच्याकडे २००९ च्या सप्टेंबरात आलेला स्लिम, म्हणजे बारीक पीएस-थ्री होता, त्यांचा एकही फोन आला नाही.

झालं काय, तर जाड्या पीएस-थ्रीच्या आतल्या घड्याळाने २०१० हे लीप वर्ष धरलं. २८ फेब्रुवारीनंतर त्याने १ मार्च लावायच्या ऐवजी २९ फेब्रुवारी लावला. हे सोनीने स्वतः सांगितलं, त्यामुळे यात अंदाज नाही. आतलं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर चालतं, म्हणून सगळ्या जगात ते एकाच क्षणी चुकलं. टोकियोत तेव्हा सोमवारी सकाळचे नऊ वाजले होते, न्यूयॉर्कमध्ये रविवारची संध्याकाळ होती, आणि आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. अमेरिकेत बऱ्याच जणांना ३१ डिसेंबर १९९९ दिसत होतं, आपल्याकडे १ जानेवारी २०००. क्षण तोच, फक्त त्यांची घड्याळं ग्रिनिचच्या मागे आणि आपली पुढे.

पंचांगातली गंमत अशी की त्याच वर्षी आपल्याकडे अधिक वैशाख होता. धोंड्याचा महिना एप्रिलच्या मध्यापासून लागणार होता. जपानी मशीनने दीड महिना आधीच एक अधिक दिवस पाळून घेतला. पण अधिक महिना हिशेब जुळवायला असतो, हा हिशेब बिघडवायला आला.

लीप वर्ष धरण्याची चूक एखादं घड्याळ करतं कशी, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. ४ ने भाग जातो की नाही एवढंच तर बघायचं. दहाला चारने भाग जात नाही, हे चौथीतलं पोरगं सांगतं. आणि २००७, २००८, २००९ या तिन्ही वर्षी त्याच घड्याळाने बरोबर उत्तर दिलं होतं. मग २०१० लाच काय झालं?

सोनीने याच्या पुढचं खोलात जाऊन सांगितलं नाही. पण आमच्या धंद्यातल्या लोकांनी जो अर्थ लावला तो मला पटतो, आणि तो समजायला तुला आजोबांचा जुना हिशेब आठवावा लागेल. एका रुपयाचे सोळा आणे. १९५७ पर्यंत तसंच चालायचं.

घड्याळाच्या चिपमध्ये वर्षाचे दोन आकडे दोन वेगळ्या खान्यांत ठेवतात. डावीकडे दशक, उजवीकडे एकक. दहा म्हणजे डावीकडे १, उजवीकडे ०. आता कंप्युटरचा स्वभाव असा की त्याला मुद्दाम सांगितलं नाही, तर तो ते दोन खाने रुपये-आण्यांसारखे वाचतो. डावीकडचा प्रत्येक १ म्हणजे सोळा. तू लिहिलं दहा, त्याने वाचलं "एक रुपया शून्य आणे", म्हणजे सोळा. आणि सोळाला चारने पूर्ण भाग जातो. झालं लीप वर्ष!

आता मागे जाऊन बघ. २००९ मध्ये डावीकडे ०, उजवीकडे ९. शून्य रुपये नऊ आणे. दशकाने वाचा की आण्याने वाचा, नऊच येतात. २००८ मध्ये आठ, बरोबर लीप. म्हणजे डावीकडचा खाना रिकामा होता तोवर ही चूक दिसायची सोयच नव्हती. डावीकडे पहिल्यांदा आकडा आला तो २०१० साली, आणि त्या वर्षाची पहिली परीक्षा २८ फेब्रुवारीच्या मध्यरात्री होती. मशीन बनवणाऱ्यांनी कितीही दिवस चालवून बघितलं असतं, तरी घड्याळ मुद्दाम पुढे नेल्याशिवाय हे सापडलं नसतं.

हा अर्थ पटण्याचं कारण म्हणजे त्याच वर्षी हीच चूक दुसरीकडेही झाली होती, आणि तीही नववर्षाच्या दिवशीच. १ जानेवारी २०१० पासून विंडोज मोबाइलच्या कित्येक फोनवर येणारे मेसेज २०१६ सालचे दिसायला लागले. दहाचे सोळा! जर्मनीत तर बँकांची जवळपास ३ कोटी कार्डं चालेनाशी झाली, कारण चिपला २०१० हे वर्ष वाचताच येईना. लोक सुट्टीवर गेलेले आणि खिशातलं कार्ड बंद. त्यापुढे आपल्या धरमपेठेतल्या पोट्ट्याचं रडणं काहीच नाही.

आता चिपने सांगितलं २९ फेब्रुवारी २०१०, आणि वरच्या सॉफ्टवेअरला माहीत की असा दिवस नसतो. नसलेली तारीख आली की असली यंत्रं ती टाकून देतात आणि आपली सुरुवातीची तारीख धरतात. तिथून पुढचा सगळा गोंधळ. गेममध्ये एखादा टप्पा गाठला की मशीन ट्रॉफी देतं, आणि तिच्यावर तारीख आणि वेळ लागते. कोणती आधी, कोणती नंतर, याचा हिशेब मशीन आणि कंपनीचा सर्व्हर दोघेही ठेवतात. घड्याळ दहा वर्षं मागे गेलं तर तुझ्या जुन्या ट्रॉफ्या "भविष्यातल्या" होतात. मशीन म्हणतं, ट्रॉफीची माहिती नोंदवता आली नाही, गेम बंद होईल. भाड्याने घेतलेल्या सिनेम्यांची मुदतही घड्याळावरच, तीही गडबडली. ज्यांनी इंटरनेटची वायर कधी लावली नव्हती, त्यांचेही ट्रॉफीवाले गेम बंद पडले. गेम डिस्कमध्ये, डिस्क घरात, टीव्ही घरात, आणि तरी खेळता येत नाही, हे लोकांना समजेना. समजावं तरी कसं?

त्या दिवशी सोनीने सांगितलं की जाडं मशीन असेल तर सध्या सुरूच करू नका, चोवीस तासांत सोडवायचा प्रयत्न आहे. सुरू केलं तर ट्रॉफीच्या नोंदीत चुका होतील, काही डेटा परत मिळणार नाही. चाळीस हजारांच्या आसपास पैसे मोजलेल्या माणसाला "हात लावू नका" हा सल्ला कसा लागतो ते मी फोनवर ऐकलं आहे. पण सल्ला सोळा आणे खरा होता.

कारण ग्रिनिचचा तो खोटा २९ फेब्रुवारी संपला आणि १ मार्च लागला, तसं सगळं जागेवर आलं. आपल्याकडे मंगळवारची पहाट. नवं सॉफ्टवेअर नाही, पार्ट नाही. ज्यांच्या मेन्यूत तारीख अजून चुकीची होती त्यांनी हाताने किंवा इंटरनेटवरून लावून घेतली, बस.

मग ज्यांचं नुकसान झालं त्यांचं कशाने झालं? ते मी पुढच्या आठवडाभर काउंटरवर पाहिलं.

महालातला एक इंजिनिअरिंगचा पोरगा. सकाळी एरर आली, अकरा वाजेपर्यंत त्याने पॉवर बटण दाबून धरून सेफ मोड, म्हणजे दुरुस्तीचा मेन्यू, काढला. त्यात सहा पर्याय असतात. पहिल्याने झालं नाही, दुसऱ्याने झालं नाही, शेवटी "रिस्टोअर पीएस-थ्री सिस्टीम" दाबलं. नावात रिस्टोअर आहे, म्हणजे जुनं परत येईल असं त्याला वाटलं. त्याने सगळी हार्डडिस्क पुसली जाते. दोन वर्षांचे सेव्ह, म्हणजे गेम कुठवर खेळला त्याच्या नोंदी, गेले, आणि एरर जिथल्या तिथे. बुधवारी तो माझ्याकडे हार्डडिस्क घेऊन आला, म्हणाला रिकव्हरी करा. मला त्याला सांगावं लागलं की या मशीनची डिस्क त्याच मशीनच्या किल्लीने कुलूपबंद असते. कंप्युटरला लावली तर नुसता कचरा दिसतो. शंभर गावं फिरला असता तरी कोणी काढून दिलं नसतं.

दुसरा माणूस जरा वयाने मोठा. त्याने सेल काढायचं ठरवलं, कुठून तरी ऐकलं होतं. वरचं झाकण काढायला एक स्क्रू असतो, रबराच्या बुचाखाली, मध्ये टोक असलेला, साध्या पेचकसाने निघत नाही. त्याने सुरीने उचकटलं. झाकण उघडलं, पण डिस्क वाचणाऱ्या ब्लू-रे ड्राइव्हची पातळ वायर-पट्टी फाटली. मंगळवारी सकाळी त्याचं घड्याळ बरोबर होतं आणि मशीनला डिस्क दिसत नव्हती.

आणि इतवारीतले एक कापडवाले. त्यांच्या मुलाने सांगितलं, बाबा, गेम बंद पडला. त्यांनी मागचा मेन स्विच बंद केला, म्हणाले सणाच्या दिवशी मशीनलाही सुट्टी, आणि थंडाई प्यायला निघून गेले. दुसऱ्या दिवशी लावला, सुरू. आमच्या सगळ्यांत शहाणा माणूस तोच निघाला, आणि त्याला आजही माहीत नसेल की त्या दिवशी काय झालं होतं.

आता माझी स्वतःची गोष्टही सांगतो, नाहीतर तुला वाटेल काका दुसऱ्यांनाच हसतात. धरमपेठेचं गिऱ्हाईक त्याच दुपारी मशीन घेऊन घरी आलं. नाही म्हणवेना. मी अंगणात चटई टाकली, मशीन उघडलं, धूळ काढली, चिपवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली, सगळ्या पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या. संध्याकाळी लावून बघितलं, एरर तीच. रात्रभर तसंच ठेवलं. मंगळवारी सकाळी चहा घेता घेता बटण दाबलं तर मशीन मक्खन! मला वाटलं, पेस्टने काम केलं. साडेतीनशे रुपये घेतले, वर "वेळेवर आणलं म्हणून वाचलं" असं ऐकवलंही. दहा वाजता दुकान उघडलं आणि कालच्या बाकीच्या तिघांचे फोन आले. भाऊ, आपोआप सुरू झाला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. संध्याकाळी धरमपेठेत जाऊन पैसे परत केले. त्या बाईंनी पन्नास ठेवून घ्यायला लावले, साफसफाईचे.

तेव्हापासून काउंटरवर एक सवय लावून घेतली आहे. माझ्या हातून बरं झालं असं वाटलं की विचारतो, हात लावला नसता तर काय झालं असतं?

असं काही एकदाच झालं नाही. ३१ डिसेंबर २००८ ला मायक्रोसॉफ्टचे ३० जीबीचे झून, म्हणजे गाणी ऐकायचे प्लेअर, जगभर एकदम गोठले होते. ते वर्ष ३६६ दिवसांचं, आणि घड्याळाच्या प्रोग्रामला ३६६ वा दिवस आला की काय करायचं तेच कळत नव्हतं, तो गोल गोल फिरत बसला. उपाय काय सांगितला? बॅटरी संपू द्या, आणि १ जानेवारीला ग्रिनिचच्या दुपारनंतर चार्ज करून सुरू करा. अगदी अलीकडे, २९ फेब्रुवारी २०२४ ला, न्यूझीलंडमध्ये पेट्रोलपंपांवर कार्डाने पैसे घेणं बंद पडलं, आणि गाड्यांच्या शर्यतीचा एक मोठा गेम त्या दिवशी सुरूच होईना. तारीख १ मार्च करा, असं गेमवाल्यांनीच सांगितलं.

बरं, आता तुझ्या मशीनकडे येतो.

तुझं प्रकरण त्या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे, कारण तुझ्या एकट्याचं आहे आणि रोजचं आहे. आतलं घड्याळ दोन ठिकाणून चालतं. मागचा मेन स्विच चालू असेल आणि पुढे लाल दिवा असेल, तर लाइटवर. मेन बंद असेल तर त्या बटण-सेलवर. म्हणून आज रात्री एवढंच कर. सेटिंग्जमध्ये जाऊन तारीख-वेळ बरोबर लाव, इंटरनेट असेल तर इंटरनेटवरून लावायचा पर्याय तिथेच आहे. मग पॉवर बटणाने बंद कर, मेन मात्र चालू ठेव, लाल दिवा दिसला पाहिजे. सकाळी बघ, वेळ बरोबर असेल. त्यानंतर मागचा मेन स्विच बंद करून अर्धा तास थांब. पुन्हा लाव. २००० आलं तर सेल संपला. लाल दिव्यावर ठेवूनही २००० आलं, तर सेलचा दोष नाही, मग मात्र माझ्याकडे आण. आणि मधे लाइट गेली तर परीक्षा रद्द, पुन्हा पहिल्यापासून.

सेलचं नाव सीआर २०३२. आकड्यातच माप आहे, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. तीन व्होल्टचा. मल्टिमीटर असेल तर बघ, नवा सेल तीनच्या थोडा वर दाखवतो. तुझा अडीचच्या खाली असेल, मी न बघता सांगतो, कारण या मशीनचं वय पंधराच्या वर आहे आणि माळ्यावर पडून असताना घड्याळाचा सगळा भार त्या एका सेलवर होता. खेळलं नाही म्हणजे सेल वाचला असं नसतं, उलट आहे.

पण एक अडचण. पीएस-थ्रीचा सेल टीव्हीच्या रिमोटसारखा टाकता येत नाही. त्याला दोन तारा आणि छोटा पांढरा कनेक्टर असतो, वर पिवळं प्लास्टिक चढवलेलं. काहीजण नुसता सेल आणून त्याच्यावर तारा सोल्डर करतात. ते करू नको. लिथियमचा सेल आहे, कावियाच्या उष्णतेने फुगतो, फुटूही शकतो. टॅबवाला सेल माग, पत्र्याच्या पट्ट्या आधीच जोडलेल्या असतात, तारा त्या पट्ट्यांना लागतात. आणि लाल तार कुठे, काळी कुठे, ते जुना काढायच्या आधी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेव.

उघडताना आधी वरचं झाकण, मग ड्राइव्ह आणि पॉवर सप्लाय बाजूला. ड्राइव्ह उचलताना सरळ ओढायचा नाही. अलगद एका बाजूने उचलून खालची पट्टी पाहायची, पट्टीच्या कुलुपाची काळी फळी नखाने वर करायची, मग पट्टी आपोआप हातात येते. जोर लावावा लागला तर समज चुकतं आहे. हे वाचून पोटात गोळा आला असेल तर उघडूच नको, आण. त्यात कमीपणा नाही.

नागपुरात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती पुण्या-मुंबईच्या मेकॅनिकला सांगितली तर हसतो. कूलर. इथे एप्रिल-मेमध्ये टीव्हीच्या खोलीत कूलर लागतो आणि त्याची ओली हवा थेट टीव्हीखालच्या खणात. अशा मशीनमध्ये सेलच्या कनेक्टरवर हिरवा कळंक धरलेला मी कित्येकदा पाहिला. सेल नवा, तरी घड्याळ २००० सालात, कारण पिनवर कळंक. जुन्या दातघासणीवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन घासलं की जातो. दुकानवाले इथेच मदरबोर्ड गेला म्हणतात. सगळे लबाड नसतात हो, काहींनी सेल बदलून बघितलेला असतो, फरक पडत नाही म्हणून बोर्डावर नाव टाकतात.

आणि घड्याळ रोज सेकंदभर मागे पडत असेल तर तो दोष धरू नको. त्याच्या आत क्वार्ट्झचा एक बारका तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. तो आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर १ उरतो, म्हणून तोच घेतात. पंचवीस अंशांच्या आसपास तो सर्वांत बरोबर चालतो, थंडी असो वा ऊन, त्यापासून लांब गेलं की मंदावतो. आपल्या मेच्या पंचेचाळीस अंशांत दिवसाला सेकंदभर जातो. माणूस मंदावतो, दगड काय करेल?

मित्रांपैकी कोणाकडे पीएस-फोर असेल तर त्यालाही सांग. त्यातही असाच सेल आहे. २०२१ पर्यंत अशी स्थिती होती की तो सेल संपला आणि मशीन कंपनीच्या सर्व्हरला जोडता आलं नाही, तर डिस्कवरचा गेमसुद्धा सुरू होत नसे. लोकांना पोटात भीती अशी की एक दिवस कंपनीने सर्व्हर बंद केला तर कपाटातल्या सगळ्या डिस्का ताटल्या होतील. बराच आरडाओरडा झाला. त्या सप्टेंबरातल्या ९.०० नंबरच्या अपडेटने ते सुधारलं. तुझ्या पीएस-थ्रीत डिस्कवरचे गेम सेल संपला तरी चालतात, अडतात ते डाउनलोड केलेले. त्यामुळे तुझ्या भावाने ऑनलाइन घेतलेले गेम आज उघडले नाहीत तर ते गेले असं समजू नको. तारीख लावून एकदा साइन-इन झालं की उघडतील.

राहिला भावाचा डेटा. सेल बदलल्याने हार्डडिस्कला काही होत नाही, पण मशीन उघडायच्या आधी बॅकअप घे. सिस्टीम सेटिंग्जमध्ये बॅकअप युटिलिटी आहे. बाहेरची डिस्क किंवा पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली लागते, दुसरी त्याला दिसत नाही. काही गेमचे सेव्ह कॉपी करायला बंदी असते, ते एक-एक करून पेनड्राइव्हवर जात नाहीत, पण बॅकअपमध्ये जातात आणि याच मशीनवर परतही येतात. दुसऱ्या मशीनवर येत नाहीत, म्हणून हेच मशीन जिवंत ठेवायचं आहे. बॅकअपला दोन-तीन तास लागतील, तेवढा वेळ मेनच्या बोर्डावर एक चिठ्ठी लाव, नाहीतर आई झोपताना सगळे स्विच बंद करते.

आणि भावाला आज एक फोन कर. सेव्ह कोणत्या गेमचे आहेत, त्याला हवे आहेत का, विचार. मशीन त्याचं आहे. मागे एकाने मोठ्या बहिणीचा असाच पुसून टाकला होता, "जुनाच तर होता" म्हणून. ती दिवाळीला घरी आली तेव्हा मी त्यांच्याकडेच चहाला बसलो होतो. त्या घरात त्या दिवशी फराळ कोणी वाढला नाही.